वीट

तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत आमच्या अंथुर्ण्यात येते. दरवर्षी ओट्यावर दहा-बारा वारकरी टेकतात. यंदा पिठलं-भाकरी वाढताना एका आजींनी विचारलं, "सूनबाई कुठंय?" म्हटलं, "अजून नाही. लेक चौतिशीचा आहे, आमच्यापाशीच असतो." आजी म्हणाल्या, "भाग्याची गं बाई. पुंडलिकच तुझा."

त्याच आठवड्यात स्थळ आणणारा मध्यस्थ सांगून गेला होता, "मुलीकडचे विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? मुलगा वेगळा राहील का?" १९८४ साली धाकटे दीर वेगळे निघाले, तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आता पोरगं घरात राहिलं, की लोक त्याच्यातच खोट शोधतात.

लेक बारामतीच्या एमआयडीसीत पाळीला जातो. डब्यात भाकरी उरली, की मी जाब विचारते. रात्रीची लाईट असली, की मोटर चालू करायला तो जातो, बापाला उठवत नाही. कोण कुणाची सेवा करतंय, हिशेब लागत नाही.

मग पुंडलिकाची कथा पुन्हा आठवून पाहिली. आई-बापांना छळत होता तेव्हाही तो त्यांच्याजवळच होता. म्हणजे नुसतं एका छपराखाली राहण्यात पुण्य नव्हतं. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात डोळे उघडले, लक्ष आई-बापांकडे वळलं, तिथं पुण्य सुरू झालं. २००७ साली सरकारनं आई-बापांच्या सांभाळाचा कायदा केला. त्यानं पोटगी मिळते, लक्ष मिळत नाही.

पण कथेत आणखी एकजण आहे. दारात आलेला देव आत शिरला नाही. थांब म्हटल्यावर, फेकलेल्या विटेवर कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभा राहिला. पुंडलिकाचा धडा आम्ही पोरांना देत आलो. विठ्ठलाचा धडा आई-बापांनी घ्यायचा, हे मला साठीत कळलं.

परवा लेकाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता, मधेच हसला. चहा घेऊन गेलेली मी उंबऱ्याशीच थांबले. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वर बशी झाकली आणि भाजी निवडायला बसले.