दोन याद्या

दिवाळीचा बोनस आला आणि त्यातले पंचवीस हजार बाइकवर घालायचे ठरवले. साडेतीनशे सीसी, वीस बीएचपीची सिंगल सिलिंडर गाडी. मोबाइलवर लगेच दोन याद्या तयार झाल्या. एकीत अलॉय व्हील, नवे आरसे, टाकीवरचे स्टिकर. दुसरीत फ्री-फ्लो सायलेन्सर, ईसीयू रीमॅप, एअर फिल्टर. पहिली म्हणजे नट्टापट्टा आणि दुसरी म्हणजे अस्सल काम, असं मी धरूनच चाललो होतो. कोड लिहिणाऱ्यांना ही वाटणी आवडतेच. बटणाचा रंग बदलणाऱ्यापेक्षा क्वेरी फास्ट करणारा आम्हाला उगाच थोर वाटतो.

पण वाढलेले एक-दोन बीएचपी मी वापरणार कुठे? सकाळी सिंहगड रस्त्यावर माझा काटा तिसाच्या पुढे जात नाही. म्हणजे ते टपरीवर चहा पिताना सांगण्यापुरतेच. तोही दागिनाच की, फक्त डोळ्यांना न दिसणारा. उलट दसऱ्याला रिक्षा धुऊन तिला झेंडूची माळ घालणाऱ्याला दिखाऊ म्हणायची माझी हिंमत नाही. माळेने मायलेज वाढत नाही, पण ज्या यंत्रावर घर चालतं त्याच्याकडे तो माणूस वर्षातून एकदा नीट बघतो.

मग निवडायचं कशावरून? मला वाटतं, किंमत कोण मोजतं यावरून. सायलेन्सरचे पैसे मी भरणार, पण रात्री साडेअकराला मी सोसायटीत शिरल्यावर दचकून उठणार ते पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, हे खरं. पण पकडलं जाणार नाही अशी खात्री असती, तरी बाळ उठलंच असतं.

आता जे टाळत होतो ते. महिन्यापूर्वी परतीच्या पावसात कात्रजच्या घाटात मागचं चाक वीतभर सरकलं. मागे आई बसली होती. तिला वाटलं, खड्डा. मी वेगात नव्हतो म्हणून निभावलं. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकलोय, तेही कोरड्या रस्त्यावर आणि धड टायरवर. माझ्या टायरच्या खाचांमधले झिजेचे उंचवटे केव्हाच वरच्या रबराशी समपातळीत आले होते. मला ते माहीत होतं. घाटातून आल्यावरही मी पैसे सायलेन्सरसाठीच राखून ठेवले, आणि दोन्ही याद्यांत टायर कुठेच नव्हता. चांगला टायर ना कुणाला दिसतो, ना ऐकू येतो. त्याचा उपयोग झाला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

शेवटी दोन्ही टायर आणि ब्रेक पॅड बदलले. उरलेले पैसे अजून खात्यात आहेत. त्या अलॉय व्हीलवर अधूनमधून नजर जाते, नाही असं नाही.

आई परवा पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "एवढा खर्च केलास म्हणे, पण गाडी तर आहे तश्शीच दिसतेय."

घाटातलं तिला अजून सांगितलेलं नाही.