'डॉक्टर' म्हणजे शिकविणारा

घरातील मुलगा वा मुलगी पीएच.डी. झाली, की आपण अभिमानाने दारावरच्या पाटीवर 'डॉ.' ही अक्षरे कोरून घेतो. त्या अक्षरांच्या मूळ अर्थाकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते.

लॅटिन भाषेत 'दोचेरे' म्हणजे शिकविणे, आणि 'डॉक्टर' म्हणजे शिकविणारा. मध्ययुगात बोलोन्या व पॅरिस येथील विद्यापीठांत ही पदवी अध्यापनाच्या अधिकाराशी निगडित होती. त्या अधिकाराचा बाजार होऊ नये, म्हणून ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने शिकविण्याच्या परवान्यासाठी पैसे घेण्यास मनाई केली. प्रत्येक कॅथेड्रलमध्ये गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकविणारा गुरू असावा, असेही तिने ठरविले.

ख्रिस्तसभेने 'डॉक्टर', म्हणजेच आचार्य, हा सन्मान देताना तोच अर्थ जपला आहे. सिएनाच्या संत कॅथरीन कापड रंगविणाऱ्या कारागिराच्या कन्या. रीतसर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. १९७० साली त्या ख्रिस्तसभेच्या आचार्य ठरल्या. वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या लिझ्यूच्या संत तेरेजांना हा मान १९९७ साली मिळाला. दोघींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती; मात्र त्यांच्या लेखनापासून पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या.

तेव्हा आपल्या पदवीचा हिशेब आपणच मांडावयास हवा. शेजारच्या मुलाला दहावीचे गणित उमगत नसताना आपले दार बंद राहत असेल, तर त्या दारावरच्या पाटीला काय अर्थ उरतो? आपल्यापाशीच थांबलेली विद्या आपल्याला विद्वान म्हणवील. 'डॉक्टर' हे नाव मात्र ती दुसऱ्यास दिल्यावरच सार्थ होईल.