कसब कोणाचे, लाभ कोणाचा?

लेथवर पंचवीस वर्षे घालविलेला टर्नर कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा आवाज ऐकूनच टूलची धार गेल्याचे ओळखतो. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे. ते त्याच्या कानांत नि बोटांत मुरलेले असते. आता यंत्राला बसविलेला सेन्सर तीच कंपने टिपतो, संगणक ती साठवितो, आणि टूल केव्हा बदलावे हे पुढे यंत्रच सांगू लागते. २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात या पद्धतीचे ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव जगापुढे आले.

यंत्र आले की माणूस गेलाच, असे सरसकट म्हणणे आम्हांस पटत नाही. बव्हेरियातील आम्बेर्ग येथे सीमेन्सचा कारखाना १९८९पासून चालू आहे. तेथे कामगारांची संख्या जवळजवळ तीच राहून उत्पादन अनेक पटींनी वाढले. संपत्ती वाढते, हे खरेच. तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र उरतो.

मजूर राजी झाला म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात बजावले. (नव्या औद्योगिक क्रांतीचा उल्लेख करूनच पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५मध्ये आपल्या नामग्रहणाचे कारण सांगितले.) १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे याहून खोल गेले. त्यांच्या मते भांडवल हेच मुळी पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांचे संचित होय. पूर्वी त्या संचितात दिवंगतांचे श्रम असत. आज यंत्राच्या शेजारी उभ्या असलेल्या जिवंत माणसाचे कसब त्यात उतरते आहे. ‘हा जॉब पास, तो बाद’ अशी खूण तो रोज करतो, आणि त्या खुणांवरूनच यंत्र शिकते. या शिकवणीचे मोल त्याच्या पगारपत्रकात कोठे दिसते?

मालक म्हणेल, आम्ही पगार देतो, कर्जाचे हप्तेही भरतो. आमच्या वसईत गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांतून काम करणाऱ्या लहान कारखानदाराचे हे म्हणणे खोटे नाही. संगणकप्रणालीचे वार्षिक शुल्क दूरच्या कंपनीकडे जाते आणि मोठा गिऱ्हाईक भाव पाडून मागतो. तरीही नव्या यंत्राचे शिक्षण आधी जुन्या टर्नरला द्यावे, वाढलेल्या नफ्यातून त्याचा बोनस वाढवावा, एवढे त्याच्या हाती निश्चित असते. कंत्राटी कामगाराचे तर नावच हजेरीपटावर नसते. त्याचे कसब यंत्रात राहते, आणि तो कंत्राट संपताच बाहेर पडतो.

१ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला, कारखान्यांतून पवित्र पाणी शिंपडण्यास आम्हांस बोलावणे येते. नव्या यंत्राची किंमत आवर्जून सांगितली जाते. ते कोणाच्या हातून शिकले, असे अलीकडे आम्ही विचारतो. काही ठिकाणी तो माणूस तेथेच पडद्यासमोर उभा असतो. काही ठिकाणी त्याचे नावही चटकन आठवत नाही.