एकाच भांड्याचे पाणी



प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारच्या शुभवर्तमानात (संत योहान ४:५-४२) प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर थकूनभागून बसलेला आपल्याला दिसतो. वेळ भर दुपारची आहे. अक्कलकोटचे मार्चमधले ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना ती तहान वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि प्रभू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ असाही लावला जातो की, ते त्यांची भांडीसुद्धा वापरीत नसत. प्रभूजवळ पोहरा नाही, हे ती स्त्रीच त्याला सांगते. म्हणजे पाणी प्यायचे तर तिच्याच भांड्यातून!

हा उतारा ऐकताना आपले सारे लक्ष जिवंत पाण्याच्या दानाकडे जाते. पण दान नंतर येते, आधी प्रभू मागतो. गोरगरिबांना देणे त्या मानाने सोपे आहे, कारण देणाऱ्याचा हात वरच राहतो. ज्याला समाजाने खालचा ठरविला, त्याच्या हातचे घेणे अवघड. आपल्या महाराष्ट्राने हे पाण्याच्या काठावरच पाहिले आहे.

येत्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण होईल. त्या घटनेतील एक गोष्ट आपण विसरतो. तळे कायद्याने आधीच खुले झालेले होते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. गुरेढोरे येऊन पाणी पीत होती, माणसाला मात्र बंदी होती. कागद खुला होता, पायऱ्या बंद होत्या.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यांच्यामागून परिषदेला आलेले हजारो लोक प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या घागरी तळ्यात रिचवून, मंत्र म्हणून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने विटाळलेले पाणी शेणाने शुद्ध होते, यावर आम्ही वेगळे काय लिहावे? नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे जगभर नाताळची मिस्सा होत असताना, लोक पुन्हा महाडला जमले. मनुस्मृती जाळली गेली ती या परिषदेत. आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावर जायला न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. हजारो माणसे तयारीत असतानाही बाबासाहेबांनी ती मनाई पाळली आणि खटला लढविला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली.

आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला संत चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे, बाहेर. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते.

हा रोग एका धर्माचा किंवा एका देशाचा आहे असे समजून आपण निवांत बसू नये. डॉ. मार्टिन लूथर किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा केरळातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू म्हणून मुलांना त्यांची ओळख करून दिली. किंग यांना आधी धक्का बसला. मग विचार करता ते खरे आहे, हे त्यांनी पुढे १९६५ मध्ये आपल्या मंडळीपुढे सांगितले. त्या देशाच्या दक्षिणेकडील कॅथलिक चर्चमध्येही काळ्या भाविकांना मागची बाके असत आणि कम्युनियनही गोऱ्यांच्या नंतर मिळे. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५३ मध्ये पत्र काढून हा भेद बंद केला. १९६२ साली त्यांनी कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या केल्या आणि त्याविरुद्ध लोकांना चिथावणाऱ्या तिघांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हते. आणि आपल्या देशात? तामिळनाडूतील वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये जातींना वेगळे बसविण्यासाठी भिंत होती. ती १९१० मध्ये पाडली गेली.

आपल्या चर्चमध्ये भिंत नाही. मिस्साबलिदानात सर्वांना एकाच रांगेतून ख्रिस्तशरीर मिळते. आपल्या गावच्या अन्नछत्रातही रोज हजारो भाविक एका पंगतीला जेवतात, शेजारच्याची जात कोणी विचारीत नाही. परंतु पंगतीत किंवा वेदीपाशी जे जमते, ते घराच्या उंबऱ्यावर जमतेच असे नाही. पूर्वी वळचणीला वेगळी कपबशी ठेवलेली असे, पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. आता ती कपबशी दिसत नाही. तिच्या जागी एक सभ्य वाक्य आले आहे: ‘नको, आत्ताच चहा घेऊन आलो.’ कोणाच्या घरी हे वाक्य आपोआप तोंडात येते आणि कोणाच्या घरी येत नाही? लग्नाचे स्थळ पाहताना, मुलगा-मुलगी दोघेही स्नानसंस्कार झालेली असताना, ‘मूळचे कोण?’ ही चौकशी कशासाठी? ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या, कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही असे मानले गेले. सरकारने आपल्याविषयी जे गृहीत धरले, ते निदान आपल्या स्वयंपाकघरात तरी खरे असावे.

शोमरोनी लोकांनी प्रभूला आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला आणि तो तेथे दोन दिवस राहिला, असे संत योहान लिहितो. दोन दिवस म्हणजे त्यांच्याच घरी जेवण, त्यांच्याच घागरीचे पाणी आणि झोपायला त्यांचेच अंथरूण. अन्न विकत आणायला गेलेल्या शिष्यांना हे दोन दिवस कसे गेले असतील, कोण जाणे.

प्रायश्चित्तकाळातील उरलेल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती घरोघरी होईल. ज्या घरी आजवर भक्ती झालेली नाही, त्यांना या वेळी प्रथम बोलवावे. प्रार्थना संपल्यावर कोणीही घाईने निघू नये. यजमानांनी दिलेले पाणी आणि चहा सर्वांनी बसून घ्यावा.