रंगापूर्वीचे काम

शास्त्रभाग : मत्तय २३ : २५–२८, १ योहान १ : ७–९



आमच्या मंडळीतील एका बंधूंनी जुनी मालमोटार विकत घेतली. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या साहाय्याने जमशेदपुरास ज्या मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, त्यांच्याच वंशातील ही. परंतु मागील धन्याच्या शेतात बाभळीखाली ती कित्येक पावसाळे उभी होती. कांद्याच्या हंगामात ती सोलापूरच्या बाजारात जाऊ लागावी, या हेतूने बंधूंनी ती ओढवून अक्कलकोट रस्त्यावरील एका मिस्त्रींकडे नेली व आम्हांसही सोबत घेतले.

बॉनेट उघडले तेव्हा इंजिन दिसेना. दिसला तो केवळ मळ. गळलेल्या तेलावर धूळ, त्यावर पुन्हा तेल व पुन्हा धूळ, असे बोटभर जाडीचे काळे कवच त्यावर चढले होते. बंधूंना घाई होती. ते म्हणाले, "मिस्त्री, वरवर पुसा आणि रंगाचा हात मारा." मिस्त्री आम्हांकडे वळून म्हणाले, "पाळकसाहेब, आता रंग दिला तर तो मळाला लागेल, लोखंडाला लागणार नाही. इंजिन तापले की मळासकट गळून पडेल."

मग काम सुरू झाले. प्रथम बॅटरीच्या तारा सोडवल्या. बाहेरचा मळ काढताना तो आत जाऊ नये म्हणून हवेची वाट व स्टार्टर कापडाने व प्लास्टिकने बांधून घेतले. पोऱ्याने उत्साहाने पाणी ओतले, ते चिकट मळावरून ओघळून गेले. तेव्हा मिस्त्रींनी पत्र्याने कवच खरवडले, रॉकेलने ते भिजवले, तारेच्या ब्रशाने सांधासांधा घासला आणि शेवटी साबणाच्या पाण्याने रॉकेलचा तवंगही धुऊन काढला.

आता तरी रंग देतील, असे आम्हांस वाटले. परंतु मिस्त्रींनी नवे तेल घातले, इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले आणि मग ते चालू करून टॉर्च घेऊन बसले. थोड्याच वेळात टॅपेट कव्हरखालून तेलाची बारीक धार उतरू लागली. बंधूंचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र समाधानाने म्हणाले, "हेच पाहायचे होते. धुतल्याशिवाय गळती कोठे आहे ते कळत नाही." पॅकिंग बदलले गेले, गंज घासून रेड ऑक्साइडचा हात दिला गेला, आणि सर्वांत शेवटी रंग. धुण्याला चार दिवस लागले, रंगाला एक दुपार पुरली.

प्रियजनहो, तेथे उभे असता आमचे मन आम्हांस दोष देऊ लागले. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मंडळीत आम्ही सेवा करीत होतो. तेथे दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांशी बोलत नव्हते. सुगीचा सण जवळ आला होता. आम्ही वर्गणी जमवली, मंदिराला चुना दिला, दारे रंगवली, आणि त्या दोघांना एकाच प्रभुभोजनास बसवले. त्यांचे वैर आम्हांस ठाऊक होते. सण बिघडेल या भयाने आम्ही मुके राहिलो. वर्ष सरण्यापूर्वी दोन्ही घरे मंडळी सोडून गेली. पुढे कळले की, वादाचे मूळ बांधात नव्हतेच. आईच्या आजारपणात झालेला खर्च कोणी सोसावा, या एका प्रश्नात ते होते. आम्ही एकदा जरी दोघांच्या ओसरीवर जाऊन बसलो असतो, तरी ती गळती दिसली असती. आम्ही मळावर रंग दिला.

आपल्या प्रभूच्या काळी यहूदी लोक वल्हांडणापूर्वी, अदार महिन्यात, कबरांना चुना लावीत. वाटसरूने नकळत स्पर्श करून विटाळू नये, हा त्याचा हेतू. म्हणजे तो चुना आत मरण आहे अशी सूचना देई. शास्त्री व परूशी मात्र आपल्या धार्मिकतेचा चुना आतील मरण झाकण्यासाठी लावीत होते, म्हणून प्रभूने त्यांस इतक्या कठोर शब्दांनी जागे केले. प्याल्याचे आतील अंग आधी धुवावे, हा क्रम त्यानेच घालून दिला आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही सुधारण्याचा निश्चय पुष्कळदा केला, परंतु तो टिकत नाही." बंधो, तो निश्चय म्हणजे चिकट मळावर ओतलेले पाणी होय. कोणतेही इंजिन स्वतःस खरवडीत नाही. त्याला मिस्त्रीच्या हाती जावे लागते. योहान प्रेषित आपणांस दोनच गोष्टी सांगतो : पाप पदरी घेणे हे आपले काम, आणि शुद्ध करणे हे येशूच्या रक्ताचे काम. धुतल्यावर गळती दिसली तर घाबरू नका. ती दाखवणारा तुम्हांस भंगारात टाकण्यास नव्हे, तर दुरुस्त करण्यास बसला आहे.

रंग वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मंदिरे रंगवा, सणास नवी वस्त्रे ल्या. परंतु चुन्याची बादली उचलण्यापूर्वी, ज्या दाराकडे पाहणे तुम्ही टाळता त्या दाराशी एकदा जा. पाळकांनो, तुम्ही प्रथम जा. आणि आम्हीही जाऊ.

प्रभू आपणां सर्वांस आतून शुद्ध करो. आमेन.