निनावी परीक्षकाचे उत्तरदायित्व

संशोधनपत्रिकेकडे आलेला लेख संपादक त्या विषयातील जाणकारांकडे पाठवतो आणि त्यांच्या अभिप्रायावर लेखाचे भवितव्य ठरते. परीक्षकाचे नाव लेखकाला सहसा कळत नाही. नाव झाकल्याने परीक्षक निर्भय होतो, हे या पद्धतीचे समर्थन होय. परंतु ज्याला जाब विचारता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या श्रमाविषयी दिलेला निर्णय नैतिकदृष्ट्या कशाच्या बळावर ग्राह्य मानावा?

१९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय तरंगांचे अस्तित्व नाकारणारा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे सोपवला. दहा पानी प्रतिकूल अभिप्राय आला. छापण्यापूर्वी लेख तज्ज्ञांना दाखवण्याची मुभा आपण दिली नव्हती, असे कळवून आइन्स्टाइन यांनी तो मागे घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टन येथे त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक इन्फेल्ड यांना लेखातील चूक दाखवून दिली. १९३७ मध्ये तो लेख अन्यत्र, बदललेल्या निष्कर्षासह, प्रसिद्ध झाला. त्यात रॉबर्टसन यांचे आभार होते. मूळ अभिप्राय त्यांचाच होता हे मात्र २००५ साली जाहीर झाले. येथे नाव हरले, कारणे जिंकली.

१९९६ साली याच्या उलट घडले. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी हेतुतः निरर्थक लिहिलेला लेख ‘सोशल टेक्स्ट’ने छापला. तेथे त्या वेळी बाह्य परीक्षण नव्हते. संपादकांनी सुचवलेले फेरफारही लेखकाने मानले नव्हते. तरीही एक वैज्ञानिक आपल्या बाजूने बोलतो आहे, याचे वजन पडले. येथे कारणे मागितलीच गेली नाहीत.

साहित्यसमीक्षेत प्रश्न अधिक बिकट होतो. गणितातील चूक दाखवता येते. समीक्षेत मात्र परीक्षकाचा सैद्धांतिक मतभेद हाच लेखाचा दोष म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. शिवाय मराठीसारख्या लहान अभ्यासवर्तुळात शैलीवरूनच लेखक ओळखू येतो. म्हणजे पडदा बहुधा एकाच बाजूला उरतो.

तथापि निनावीपण हा केवळ अधिकार नव्हे, तो एक त्यागही आहे. नाव सोडणारा परीक्षक नावाची प्रतिष्ठाही सोडतो. त्याच्यापाशी उरतात ती फक्त कारणे. म्हणून ‘लेख स्वीकारार्ह नाही’ एवढेच लिहिणारा परीक्षक त्या अधिकाराची किंमत चुकवीत नाही. उद्या नाव उघड झाले तरी ज्यातील एकही शब्द बदलावा लागणार नाही, तोच अभिप्राय निनावी राहण्यास पात्र ठरतो.