न झालेले उड्डाण

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी अमावास्येच्या रात्री उभे राहिले की आकाश हाताशी आल्यासारखे भासते. तेथील एका युवक शिबिरात, अंतराळवीरांच्या गोष्टी रंगल्या असता, एका मुलाने विचारले, “फादर, आयुष्यभर तयारी केली आणि जायलाच मिळाले नाही, तर सारे फुकटच ना?”

मला नागपती भट व पी. राधाकृष्णन यांची आठवण झाली. ‘इन्सॅट-१सी’ उपग्रहासोबत या दोघांपैकी एकजण १९८६ साली अमेरिकी यानातून अंतराळात जायचा होता. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सातही जण मृत्युमुखी पडले आणि आपल्या शास्त्रज्ञांचा प्रवास रद्द झाला. उपग्रह १९८८ साली ‘एरियान’ अग्निबाणाने गेला. माणसे भूमीवरच राहिली.

त्या सातांत रोनाल्ड मॅकनेअर हा लेसर किरणांचा अभ्यासक, कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ होता. १९८४ साली तो एकदा अंतराळात जाऊन आला होता. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, गावच्या ग्रंथालयाने त्याला वर्णावरून पुस्तके नाकारली. तो जागचा हलला नाही. पोलीस आले, अखेर पुस्तके घेऊनच तो घरी परतला.

येथे विवेक हवा. काही दारे नियती बंद करते, काही माणसे. पहिल्यापुढे नम्रता हा सद्गुण आहे. दुसऱ्यापुढे तीच नम्रता अन्यायाची सोबतीण होते. धरणाच्या पाण्यावर खालची शेते पिकावीत आणि काठावरच्या आदिवासी मुलाला “बाळ, धीर धर” असे सांगावे, हा धर्मोपदेश नव्हे.

मात्र दार खरोखरच मानवी हाताबाहेर असेल, तेव्हा? कारकीर्द पायऱ्यांनी मोजतात. पाचारण मात्र रोजच्या होकारात असते. मोशेने नबो पर्वतावरून वचनदत्त भूमी केवळ पाहिली. तरीही त्याची चाळीस वर्षे व्यर्थ गेली, असे आपण म्हणत नाही. कारण त्या वाटचालीतच एक प्रजा घडली.

मी त्या मुलाला म्हणालो, “बाळा, दुःख होईलच, ते खोटे मानू नकोस. पण तयारीने तुला जो माणूस केले, तो माणूस फुकट जात नाही.”

तो काही बोलला नाही. कळसूबाईच्या बाजूला वर पाहत तो बराच वेळ उभा राहिला.